सुवर्णा, मला तुझा हेवा वाटतो

सुवर्णा,

तू गेलीस त्याला महिना होऊन गेला. या महिन्यात तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. मीही बोलले. पण सहा वर्षांच्या आपल्या ओळखीत मी तुझा हेवा केला नाही असा दिवस क्वचितच गेला असेल, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. माणूस गेलं की असल्या भावना आपोआप विरत असतील असं मला वाटायचं. विरल्या नाहीत. म्हणून हे तुलाच लिहितेय. दुसऱ्या कुणाला लिहिलं तर ते माझी समजूत काढायला बसतील.

तू आमच्या सानपाड्याच्या शाळेत आलीस तेव्हा मला तिथे विज्ञान शिकवायला लागून एकवीस वर्षं झाली होती. प्रयोगशाळेची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. प्रयोगशाळा म्हणजे नलिनी बाई, हे मुलांना पाचवीपासून ठाऊक असायचं. मी काचेची नळी ज्योतीवर धरून वाकवायला घेतली की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून उभी राहायची. पहिल्या दिवशी तू आलीस ती पाठीला सॅक लावून. बोलण्यात साताऱ्याकडचा हेल. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, आता घरीच असतात, हे तू न विचारता सांगितलंस. मधल्या सुट्टीत डबा उघडलास, खर्डा माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालीस, "ताई, तुमची लॅब बघितली मी खिडकीतून. माझ्या शाळेत असली लॅब असती ना, तर मी घरीच गेले नसते."

मला ते आवडलं होतं. तेव्हा तू मला आवडली होतीस, हेही इथे लिहून ठेवते.

मग काही महिन्यांतच लॉकडाऊन लागलं. मी नेरूळच्या घरात, ओट्यावर पिठाच्या डब्याला फोन टेकवून शिकवायला उभी राहायचे. मेणबत्तीवर ग्लास उपडा घालून दाखवायचे आणि मुलांना दिसायचं माझं कोपर. माझ्या तुकडीतली चाळीस मुलं हळूहळू अकरावर आली. फोन नसतील, नेट नसेल, असं मी मोठ्या बाईंना सांगत होते. मलाही ते खरं वाटत होतं. मग एका मुलीचा फोन आला. फार अदबीने तिने विचारलं, "बाई, आम्ही सुवर्णा बाईंच्या वर्गात बसलो तर चालेल का? तिथे बल्ब लागतो."

तू कुठलीशी वेबसाइट शोधून काढली होतीस. मुलं बोटाने बॅटरी ओढायची, वायर जोडायची, आणि जोडणी बरोबर आली की त्यांच्या फोनच्या स्क्रीनवर बल्ब पेटायचा. आई कामावरून आल्यावर तासभरासाठी जो फोन हातात मिळायचा, त्यात त्यांना स्वतःचा बल्ब लावता येत होता. मी "चालेल की" म्हणाले, फोन ठेवला आणि नवऱ्यावर उगाचच ओरडले.

शाळा उघडल्यावर मला वाटलं, आता मुलं परत माझ्याकडे येतील. पण तू प्रोजेक्टर मिळवलास, मुलांना चाचण्या खेळासारख्या द्यायला लागलीस. तुझ्या वर्गातून आरडाओरडा ऐकू यायचा आणि मला भिंतीपलीकडे मुलांना गप्प बसवावं लागायचं. आपलं भांडण तिथून सुरू झालं. डब्यावर सुरू व्हायचं, घंटा झाली की अर्धवट राहायचं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

"स्क्रीनवरचा बल्ब कधी उडत नाही गं," मी म्हणायचे. "वायर कधी सैल नसते, सेल कधी उतरलेला नसतो. खऱ्या प्रयोगात अर्धा वेळ तेच शोधण्यात जातो. मूल शिकतं ते तिथे."

"मान्य. पण ताई, पन्नास मुलं आणि चार सेल. मागच्यांनी काय तुमची पाठ बघायची? आधी तिकडे चुकू देत ना. शंभरदा चुकू देत. मग हातात घेतील तेव्हा घाबरणार नाहीत."

"थोडं घाबरायलाच पाहिजे. त्याशिवाय लक्ष राहत नाही."

"घाबरायला त्यांना घरी काय कमी आहे?"

यावर मला उत्तर सुचायचं नाही. आणि मला उत्तर सुचत नाही हे तुझ्या लक्षात आलं की तू लगेच दुसरंच काहीतरी काढायचीस. भाजीत काय घातलंय, पदराचा काठ कुठला. तुझ्या या समजूतदारपणाचाही मला राग यायचा. भांडणात हरलेल्या माणसाला निदान हरल्यासारखं वागवावं.

एक गंमत सांगते, जी तुला बहुतेक माहीत होती. तुझ्या ऑनलाइन चाचणीत शिरायला लागणारा आकडा तू फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचीस. एकदा माझा ऑफ तास होता. दारावरून जाताना मी तो वाचला, प्रयोगशाळेत जाऊन बसले आणि माझ्या फोनवरून चाचणीत शिरले. नाव विचारलं तेव्हा समोर डब्यात पेरूच्या फोडी होत्या, म्हणून 'पेरू' असं लिहिलं. पेरू पहिला आला. तुझ्या वर्गात गोंधळ उडालेला मला तिथवर ऐकू येत होता. कोण पेरू, कोण पेरू? मग तुझा आवाज आला, "शोधायचं नाही. पेरूला खेळू द्या." त्यानंतर जवळजवळ प्रत्येक गुरुवारी मी खेळले. स्टाफरूममध्ये तू एकदाही हसली नाहीस, विचारलंही नाहीस.

आता मायक्रोस्कोपचं.

तुझा पाठ बघायला शिक्षण खात्याचे अधिकारी येणार होते. ऑनलाइन साधनं वापरून विज्ञान, असा विषय होता. आमच्या शाळेत पाठ बघायला अधिकारी याआधीही आले होते, आणि तेव्हा ते माझ्या वर्गात आले होते. या वेळी मोठ्या बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. त्या दिवसांत खाडीकडच्या तळ्यांवर फ्लेमिंगो उतरले होते आणि ते गुलाबी का असतात, हे तुला नववी ब ला शिकवायचं होतं. त्यांच्या खाण्यातून रंग येतो, ते खाणं तळ्याच्या पाण्यात असतं, तर ते पाणीच मुलांना दाखवायचं. तू आदल्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिलीस.

"ताई, उद्या मायक्रोस्कोप लागेल मला. अर्ध्या तासासाठी."

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "तो दुरुस्तीला गेलाय गं. दादरला."

तू "बरं ताई" म्हणालीस आणि गेलीस.

मायक्रोस्कोप माझ्या मागच्या कपाटात होता. वरच्या कप्प्यात, मीच शिवलेल्या कापडी खोळीत.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या शेजारी, वर्गात सगळ्यात मागे खुर्चीवर बसले होते. खरं सांगते, तुझी फजिती बघायला बसले होते. तू मुलांना म्हणालीस, "आपल्याकडे आज मायक्रोस्कोप नाही. मग बनवूया का?" जत्रेत मिळते तसली लेझरची एक मोडकी टॉर्च तू टेबलावर ठेवलीस, तिच्यातलं मसुराएवढं भिंग काढलंस. मग केसांतली पिन काढलीस. पिनेच्या चिमटीत भिंग बसवलंस, पिन चिकटपट्टीने फोनच्या कॅमेऱ्यावर लावलीस, आणि काचपट्टीवर तळ्याच्या पाण्याचा थेंब ठेवून फोन त्यावर धरलास. फोनमधलं चित्र प्रोजेक्टरने भिंतीवर टाकलंस. अख्खी भिंत हिरवी झाली. हिरवे ठिपके, हिरव्या दोऱ्या, आणि त्यांच्यामधून काहीतरी सुळकन पळालं.

तळवलीची साक्षी बाकावर उभी राहून ओरडली, "बाई, यो जित्ता हाय! पानी नाय हलत, योच पलतंय!"

वर्गात एकच कल्ला झाला. साहेब स्वतःचा फोन काढून उठले. तुझे अर्धे केस सुटून तोंडावर आले होते आणि तू ते फुंकरीने बाजूला करत हसत होतीस. मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

तो पाठ कुणीतरी चित्रित केला आणि तो शिक्षकांच्या ग्रुपवरून गावोगाव गेला. माझ्या धाकट्या बहिणीने तो मला कुडाळहून पाठवला. 'साधनं नसताना' हे शब्द तुझ्या नावाला जोडले गेले. मी त्या दिवशी मायक्रोस्कोप दिला असता, तर एक बरा पाठ झाला असता आणि लोक विसरूनही गेले असते. तुला मोठं केलं ते माझ्या खोटेपणाने. यावर मी कितीतरी दिवस मनातल्या मनात जळत होते, आणि ते कुणापुढे बोलायचीही सोय नव्हती.

मग दोनेक वर्षांनी तुझं पोट दुखायला लागलं. ॲसिडिटी म्हणून तू चार महिने अंगावर काढलंस. तपासण्या झाल्या तेव्हा उशीर झाला होता. स्टाफमधल्या सगळ्या आळीपाळीने तुला भेटायला येत होत्या. मीही यायचे, सोलकढी आणायचे. तुझ्याकडून ती प्यायली जायची नाही, तरी तू डबा ठेवून घ्यायचीस. त्या दिवसांत आपण भांडलो नाही. मला भांडायला हवं होतं. तुझ्याशी गोड बोलणं मला कधी नीट जमलं नाही.

तू मोठ्या बाईंकडे हट्ट धरलास, नववी ब चा द्रवाच्या दाबाचा धडा राहिलाय, मी हॉस्पिटलमधून घेते. डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली. वर्गात कुणीतरी हवं म्हणून मोठ्या बाईंनी मला पाठवलं. भिंतीवर तुझा चेहरा आला, डोक्याला रुमाल, गालांची हाडं वर आलेली. दोघी-तिघी मुसमुसायला लागल्या.

"रडायला नंतर वेळ देते," तू म्हणालीस. "आधी सांगा, ही सलाईनची बाटली एवढी वर का टांगलीय?"

कुणी म्हणालं, जागा नाही म्हणून. कुणी म्हणालं, पाणी खाली येतं म्हणून.

"खाली ठेवली तर? सिस्टर, जरा खाली घेता का? एकच मिनिट."

सिस्टर तुझ्यावर रागावल्या ते आम्हांला ऐकू आलं. मग त्यांनी बाटली काढून तुझ्या हाताच्या खाली धरली. तू कॅमेरा नळीजवळ नेलास. थेंब मंदावले, थांबले, आणि हाताजवळच्या नळीत गुलाबी रंग चढायला लागला. "हे माझं रक्त. उलटं निघालंय. आता सांगा, कोण जास्त जोर लावतंय? बाटली, का मी?"

"तुम्ही बाई!" सगळा वर्ग ओरडला.

बाटली परत वर गेली. रंग मागे सरला. "आणि आता?"

"बाटली!"

"म्हणून ती वर," तू म्हणालीस आणि उशीला टेकलीस.

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. माझ्या सत्तावीस वर्षांत असा एक तास माझ्या हातून झालेला नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या, हातात सुई टोचलेल्या बाईचा मला हेवा वाटला. हे वाक्य लिहायच्या आधी मी उठून घरात दोन फेऱ्या मारून आले. पण ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तू वाटच बघत होतीस. "ताई, कसा झाला तास? मागून दिसत होतं ना सगळं?"

तू मला विचारत होतीस. मोठ्या बाईंना नाही, साहेबांना नाही, मला. मी बघितलेला तो सगळ्यात चांगला तास होता. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "आवाज मधेमधे तुटत होता."

"हो ना," तू म्हणालीस. "नेटवर्क."

नऊ दिवसांनी तू गेलीस.

शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. तुझे आप्पा पहिल्या रांगेत होते, पांढरी टोपी मांडीवर काढून ठेवलेली. मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी अर्थातच फ्लेमिंगोचा पाठ काढला. शाळेत त्या दिवशी मायक्रोस्कोप नव्हता, तरी आमची सुवर्णा अडली नाही, असं त्या म्हणाल्या. मग मला बोलवलं. मी कागदावर लिहून नेलं होतं. गुणी, हसतमुख, विद्यार्थिप्रिय. कागद उघडला आणि ते शब्द मला वाचवेनात.

"मायक्रोस्कोप होता," मी म्हणाले. "कपाटात होता. तिने मागितला आणि मी दुरुस्तीला गेलाय असं खोटं सांगितलं. मला तिचा हेवा वाटायचा."

मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मला आता खाली बसवावं की नाही हे त्यांना समजेना. मी जागेवर येऊन बसले. शेजारच्या दोघी किंचित सरकल्या.

सभा संपल्यावर आप्पा माझ्याकडे चालत आले. ओझी वाहून वाकलेले खांदे, पण चाल ताठ. मला वाटलं, हे आता मला बोलतील, आणि बोलावंच.

"बाई," ते म्हणाले, "तिला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी घरी यिऊन सांगितलं पोरीनं. म्हनली, आप्पा, कपाटाच्या काचंतनं खोळीसकट दिसत हुता. मागायच्या आधीच बघितला हुता तिनं. मी म्हनलो, मग मागितलास कशाला गं? तर म्हनली, वाटलं, देतील ताई."

"रागावली होती?"

आप्पांनी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं त्यांना. "रडली. मग माज्याकडं ती जत्रंतली बॅटरी मागितली."

त्यांनी टोपी घातली आणि ते गेले.

म्हणजे तू माझ्या दारात उभी होतीस, समोर कपाटात मायक्रोस्कोप दिसत होता, मी मान खाली घालून खोटं बोलत होते, आणि तू "बरं ताई" म्हणालीस. त्यानंतर दोन वर्षं रोज माझ्यासमोर डबा उघडलास. एकदा सुनावलं असतंस तर आपली फिट्टंफाट झाली असती. तू मला तेवढीही संधी दिली नाहीस. माझ्याहून मोठी राहिलीस आणि तशीच निघून गेलीस. आता मी तुझी माफी मागायची तर कुणाकडे, आणि तुझ्यावर चिडायचं तर कसं? लोक म्हणतात, बाईंना पश्चात्ताप झालाय. झालाय. पण त्याच्याखाली अजून तेच आहे, सुवर्णा. तुला जे जमलं ते मला जमलं नाही. शिकवणंही, आणि गप्प राहणंही.

गेल्या सोमवारी तुझ्या जागी नवीन मुलगी आली. प्रांजल. खारघरला राहते, टॅब घेऊन येते, भराभर बोलते. नववी ब तिच्याकडे दिली. तू केलेल्या चाचण्या, तू जमवलेले व्हिडिओ, सगळं शाळेच्या खात्यावर आहे आणि पासवर्ड माझ्याकडे, म्हणून मी तिला घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. तिने दोन-तीन चाचण्या उघडून बघितल्या आणि म्हणाली, "मॅडम, हे जरा जुनं झालंय. आता याच्यापेक्षा भारी टूल्स आहेत. हे डिलीट केलं तर चालेल ना? स्पेस खातंय उगाच."

माझा आवाज इतका चढला की बाहेरून शिपाई डोकावून गेला.

"आधी सगळं नीट बघा," मी म्हणाले. "एकूण एक बघा. मग बोला जुनं का नवं ते."

ती बिचारी घाबरली. मग मीच तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि एकेक चाचणी उघडून दाखवायला लागले. हा प्रश्न असा का विचारलाय, इथे मुलं हमखास कुठे घसरतात, हे चित्र सुवर्णाने घरच्या कुकरचं काढलंय. आतून मला वाटत होतं, हिला जमू नये. निदान तुझ्याइतकं तरी जमू नये. इतकी वर्षं तुझ्यावर जळून झाल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा मी तुझ्या वतीने कुणावर तरी जळत होते.

तासाभराने ती टॅब आवरून वर्गावर गेली. मी एकटीच पुढच्या चाचण्या बघत बसले. उष्णतेवरची शेवटची चाचणी तू करून ठेवली होतीस, मुलांना द्यायची राहिली होती. सातवा प्रश्न: उंच डोंगरावर पाणी किती तापमानाला उकळेल? बरोबर उत्तर म्हणून तू 'शंभर अंशांपेक्षा जास्त' यावर खूण केली होतीस. तारीख बघितली. तेव्हा तू हॉस्पिटलमध्ये होतीस.

तुझी एक चूक सापडावी म्हणून मी सहा वर्षं तुझ्या वर्गाच्या दारावरून हळू चालत गेले आहे.

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी 'जास्त'वरची खूण काढली, 'कमी'वर केली, आणि चाचणी तुझ्याच नावाने जतन करून टाकली.